शरीराचाही जमाखर्च मांडा

(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



काल दिवसभर भाव, वीज आणि कर्ज या विषयांवर बोलणे झाले. आज सकाळी आम्ही रक्तदाब आणि साखर या विषयावर बोलणार म्हटल्यावर काहींच्या चेहऱ्यावर हसू आलेले आम्हाला इथून दिसते आहे. शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस डॉक्टरकी कधीपासून करू लागला, असेही कुणी मनात म्हणत असेल. डॉक्टरकी आम्ही करणार नाही. कोणती गोळी घ्यायची आणि किती घ्यायची, हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. हिशेब मांडण्याचा मात्र अधिकार आहे. आयुष्यभर आपण तोच धंदा केला. क्विंटलचा उत्पादन खर्च काढायला आपण शिकलो, बियाण्यापासून आडत-हमालीपर्यंत पै-पैचा जमाखर्च मांडायला शिकलो. पण हा सगळा जमाखर्च ज्याच्या जिवावर चालतो, त्या शरीराचे पान आपल्या वहीत कोरेच राहिले.

हे पान कोरे राहिले की काय होते, ते आम्ही गेल्या वर्षी पाहिले. या जिल्ह्यातले आमचे एक जुने कार्यकर्ते. नाव सांगत नाही, तुम्ही सगळे ओळखता. वीस वर्षे प्रत्येक आंदोलनात पहिल्या रांगेत. पोलिसांच्या गाडीत चढताना त्यांनी कधी मागेपुढे पाहिले नाही. रक्तदाब वाढल्याचे त्यांना चार वर्षांपूर्वी कळले होते. गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी मोजला तर बरोबर निघाला. "उतरलं की आता," म्हणाले आणि गोळी बंद केली. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, कामाला माणूस वाघासारखा. हरभऱ्याची काढणी चालू होती. सकाळी चहाचा कप उजव्या हातातून निसटला आणि जीभ जड झाली. आज ते घरी आहेत. डाव्या हाताने जेवतात. हजारांची सभा गाजवणाऱ्या माणसाला 'पाणी' एवढा शब्द जुळवायला वेळ लागतो. उपचारात एक एकर गेली.

आम्ही चौघे-पाच जण भेटायला गेलो होतो. वहिनींनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमी समदे म्हैन्याला घरी येत हुता. भाव इचारत हुता, लाइट इचारत हुता. गोळी घेतली का, हे एकानंबी इचारलं नाही."

आमच्याकडे उत्तर नव्हते. आजचे बोलणे म्हणजे त्या एका वाक्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

हा शहरातला रोग नव्हे

पहिला गैरसमज असा, की बीपी-शुगर हे खुर्चीत बसणाऱ्या गोऱ्यागोमट्या, पोट सुटलेल्या माणसांचे रोग. गडचिरोली हा आपल्या राज्यातला जंगलाचा, धानाचा, कष्टकऱ्यांचा जिल्हा. तिथल्या ८६ खेड्यांत 'सर्च' या संस्थेच्या डॉक्टरांनी २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणे शोधली. वाटले होते, ताप, हगवण, सर्पदंश असे काही निघेल. सर्वांत वर निघाला तो अर्धांगवायू, म्हणजे लकवा. शंभर मृत्यूंपैकी चौदा त्याचे. लकव्याचे सगळ्यांत मोठे कारण म्हणजे वाढलेला आणि न सांभाळलेला रक्तदाब.

दुसरा हिशेब देशाचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एक लाखाहून जास्त माणसे तपासली होती. शंभर प्रौढांमागे अकरा जणांना मधुमेह निघाला आणि पस्तीस जणांना वाढलेला रक्तदाब. मधुमेह शहरात जास्त, खेड्यात कमी, हे खरे. पण साखर उंबरठ्यावर येऊन उभी आहे, अजून आत शिरलेली नाही, अशी माणसे शहरात आणि खेड्यात जवळपास सारखीच निघाली, शंभरात पंधरा. याचा अर्थ उद्याचे पीक खेड्यातही पेरून झालेले आहे.

"आम्ही तर बारीक आहोत," असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या शेतकरी आयांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ही बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळे सगळ्या बाजूंनी लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. कमी पडले होते ते मांस. पुढे २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. म्हणजे आपला माणूस काट्यावर बारीक असला तरी पोटात चरबी बाळगून असू शकतो. ज्याच्या आईने अर्धपोटी राहून बाळंतपणे काढली, त्याच्या शरीराची ही जन्माची जमाबाकी आहे. त्यात त्याचा दोष नाही. पण ठाऊक नसले तर नुकसान त्याचेच.

"आम्ही राबतो, मग व्यायाम कशाला?"

हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला व्यायामाचे भाषण दिले असते तर त्यांनी हातात नांगराची मूठ दिली असती. एक एकर नांगरायची म्हणजे बैलामागे कित्येक कोस चालणे. मोटेवर पाणी, पाठीवर पोते, बाजाराला पायी.

पण आपण आपल्याच कालच्या दिवसाचा हिशेब मांडू. सकाळी मोटारसायकलने वस्तीवर. मोटार घरून मोबाईलवर चालू. पाणी ठिबकने. नांगरट, पेरणी, मळणी यंत्राने. फवारणी मजुराने. दुपारी पारावर, संध्याकाळी चौकात. मोटारसायकल नसती तर एरवी जे चाललो असतो, ते सगळे गेले. ही यंत्रे वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही, पाठ मोडणारे काम जितके जाईल तितके बरे. पण काम गेले आणि ताट तेवढेच राहिले. आवक तीच, उठाव निम्मा. मालाचे काय होते? गोदामात साचतो. शरीराचे गोदाम म्हणजे पोट, यकृत आणि रक्तवाहिन्या.

ज्यांना अजून अंगमेहनत आहे, त्यांचेही काम हंगामी असते. पेरणीत आणि काढणीत पंधरा-पंधरा दिवस मरेस्तोवर आणि मध्ये महिना महिना काही नाही. आम्ही शेतीशास्त्र शिकलो, त्यात एक साधी गोष्ट होती. युरियाची सगळी मात्रा एकदम टाकली तर पिकाला थोडी लागते, बाकी वाहून जाते. तीच हप्त्याहप्त्याने दिली तर पीक घेते. व्यायामाचे तसेच आहे. त्याचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. दिवाळीत घेतलेल्या मेहनतीवर शिमग्याला साखर उतरत नाही.

बायांचे काम मात्र कधी थांबत नाही. खुरपणी, लावणी, वेचणी, मग घर. पण दिवसभर वाकून केलेल्या कामाने कंबर जाते, गुडघे जातात. दम लागेल, छाती उघडेल असे चालणे त्यात होत नाही. शिवाय तपासणी होते ती आधी बाप्याची. सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेले खाणारी बाई तपासणीच्या रांगेतही शेवटचीच. दोन्ही रांगा बदलायच्या आहेत.

चालण्याने होते काय?

जेवण रक्तात उतरते ते साखर होऊन. ती साखर रक्तातून उचलून कामाला लावणारे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, त्यातही मांडीचे आणि पोटरीचे. इन्शुलिन हा त्या बाजारातला दलाल. मधुमेहात दलाल अडून बसतो आणि माल रक्तात पडून राहतो. पण स्नायू हलू लागला, की तो दलालाशिवाय थेट माल उचलतो. म्हणून जेवणानंतर चाललेल्या माणसाची साखर बसून राहिलेल्या माणसाएवढी चढत नाही. आमच्या आज्याला हे इन्शुलिनचे काही माहीत नव्हते. तो शतपावली म्हणायचा.

याचा पुरावाही आहे, आणि तो आपल्याच देशातला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी साखर उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांचे गट केले. एका गटाला नेहमीचाच सल्ला. दुसऱ्याला रोजचे चालणे आणि आहारात बदल. तिसऱ्याला मेटफॉर्मिन ही गोळी. चौथ्याला दोन्ही. २००६ मध्ये निष्कर्ष आले. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. चालणाऱ्या गटात ३९ जणांना, गोळीच्या गटात चाळिसांच्या आसपास. म्हणजे मधुमेह व्हायच्या आधी चालणे आणि गोळी यांचे वजन सारखे भरले. चालणाऱ्यांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरीही.

हिशेब प्रामाणिक ठेवायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चालूनही शंभरांपैकी ३९ जणांना मधुमेह झालाच. चालणे हा अंगारा नाही. आणि मधुमेह झाल्यावर चालणे गोळीच्या जागी येत नाही, गोळीच्या जोडीला येते. रक्तदाबाचेही तेच. नियमित चालण्याने वरचा आकडा पाच ते आठ अंकांनी उतरतो. ज्याचा १७० आहे त्याचे तेवढ्याने भागणार नाही. पण तेवढ्यानेही लकव्याचा धोका खाली येतो.

आपल्याकडे कृष्णाकाठच्या चोपण झालेल्या जमिनी तुम्ही पाहिल्या आहेत. भरमसाट पाणी देत गेलो, पंधरा-वीस वर्षे ऊस झकास आला आणि मग एक दिवस वर मीठ फुटले. ती जमीन एका पोत्याने सुधारत नाही. निचरा काढा, हिरवळीचे खत गाडा, पाणी मोजून द्या. मग ती वर्षावर्षाने परत येते. आणि परत आली म्हणून निचरा बुजवला, की पुन्हा मीठ. रक्तदाब आणि साखर हे तसे रोग आहेत. ते 'बरे' करायचे नसतात, सांभाळायचे असतात. आमच्या कार्यकर्त्याने रक्तदाब उतरल्यावर गोळी बंद केली, म्हणजे निचरा बुजवला.

किती चालायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढ माणसासाठी माप दिले आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे जरा भरभर चालणे किंवा तसलेच काम. म्हणजे अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. आठवड्याची मिनिटे दहा हजारांवर होतात. मागितली आहेत शेकडा दीड. आडत्याला आपण याहून जास्त देत आलो.

भरभर म्हणजे किती? बरोबरच्या माणसाशी बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये. एवढे माप पुरे. मिनिटाला साधारण शंभर पावले पडतात. म्हणजे आज्याची शतपावली एका मिनिटात संपते, ती हजारपावली करा. दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे आणि सकाळी दहा, झाला अर्धा तास. एकदम होत नसेल तर हप्त्याने द्या, युरियासारखे.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे काम. तरुणांनी जोर-बैठका. साठीच्या पुढच्यांनी खाटेवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठायचे, दहा वेळा बसायचे. करून बघा, पहिल्या दिवशी घाम येईल. मांडीचे मांस टिकले तर साखरेला गिऱ्हाईक टिकते आणि म्हातारपणी पडून खुबा मोडत नाही.

सगळ्यांत मोठी अडचण वेळेची नसून लाजेची आहे. गावात बिनकामाचा चालणारा माणूस संशयास्पद असतो. "गाडी बिघडली का?" म्हणून चार जण थांबतात. आणि बाई संध्याकाळी नुसतीच चालायला निघाली, तर सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा एकच सवाल, "कुठं चाललीस?" याला उपाय एकच. एकट्याने निघू नका, टोळीने निघा. आपल्या समाजात लाखो माणसे आषाढात आळंदीहून, देहूहून पंढरपूरपर्यंत दोन-अडीच आठवडे पायी चालतात. सत्तर वर्षांची म्हातारी दिवसाला चार-पाच कोस काटते, तिला कुणी विचारत नाही कुठे चाललीस. कारण ती एकटी नसते, दिंडीत असते. आषाढात जमते ते उरलेल्या अकरा महिन्यांत अर्धा तास जमवायचे आहे, एवढेच. दूध घालायला डेअरीवर जाणाऱ्या दहा बाया मिळून चालत गेल्या की चार दिवस गाव बोलेल, पाचव्या दिवशी अकरावी येऊन मिळेल.

ताटाचा हिशेब

आता चहा. आमच्यासारख्या कार्यकर्त्याला दिवसात आठ कप सहज होतात. नाही म्हटले तर घरधन्याला राग. कपाला दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर. दिवसाला ८० ग्रॅम, वर्षाला २९ किलो. पन्नास किलोच्या पोत्यातले अर्ध्याहून जास्त पोते आम्ही नुसत्या चहातून पितो. समोर ऊस पिकवणारे बसले आहेत, ते म्हणतील, आमच्या पोटावर पाय देता काय? साखर विकायला आमची हरकत नाही, भाव चांगला घ्या. आपण स्वतः पिऊ नका, एवढेच म्हणणे. आणि गूळ हा साखरेचाच भाऊ आहे. काळा म्हणून औषधी होत नाही.

मिठाचे माप दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, एक सपाट छोटा चमचा. पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो. घरी किती पुडे लागतात ते आज विचारा. लोणचे, पापड, फरसाण, खारे दाणे यांतले मीठ वेगळे, तेही याच पाऊण किलोत बसवायचे आहे. जेवताना वरून मीठ घेण्याची वाटी ताटाजवळून उठली तरी सुरुवात झाली. उन्हात घाम गाळणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे, पण बीपीची गोळी चालू असताना मीठ वाढवायचे ते डॉक्टरांना विचारूनच.

ताटाचे अर्धे भाजीने भरा, पाव उसळ-डाळीने, पाव भाकरी-भाताने. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली. पण भाकरी चांगली म्हणून चार चांगल्या होत नाहीत. ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला नांगर धरणाऱ्याचे जेवण लागत नाही.

उपवासाबद्दल दोन शब्द. श्रद्धेवर आम्ही बोलत नाही, उपवासाच्या ताटावर बोलतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, तो उपवास साखर चढवतो. आणि निरंकार उपवास धरून साखरेची गोळी घेतली तर उलटे, साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते, माणूस बरळतो. हे विहिरीच्या काठावर किंवा ट्रॅक्टरवर झाले तर काय, ते सांगायला नको. गोळ्या-इन्शुलिन घेणाऱ्याने उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे आणि शेतात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. साखरेचा एवढा एकच उपयोग आम्ही आज सांगतो.

तंबाखू, विडी, मिश्री आणि दारू. यांच्यावर भाषण करून आजवर कुणी सुधारले नाही, म्हणून एकच सांगतो. विडी ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्या तशाच आकसतात. त्यात बीपी आणि साखर मिळाली की तिन्ही मिळून हृदयावर आणि पायावर येतात.

पायाकडे पाहा

पायाचे वेगळे सांगायला हवे, कारण शेतकऱ्याचा पाय उघडा असतो. जुन्या साखरेने पावलाची जाणीव मरते. बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही. चिखलात जखम चिघळते, वास आला की मग दिसते, आणि मग बोट, नाहीतर पाऊल कापण्यापर्यंत जाते. ज्याला मधुमेह आहे त्याने घरात-शेतात कुठेही अनवाणी फिरू नये. बुटात पाय घालण्याआधी आत हात फिरवावा. रात्री निजताना तळवे पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्याला सांगावे. गरम पाण्याने, विटेने शेकू नये. बैलाचे खूर आपण रोज बघतो. आपला पाय बैलाहून हलका नाही.

आणि ज्याचा रक्तदाब १८० च्या वर आहे, ज्याच्या छातीत चालताना दाब येतो, ज्याला जागेवर दम लागतो, त्याने आमचे भाषण ऐकून उद्यापासून पळू नये. आधी दवाखाना, मग रस्ता.

"भाव द्या, बीपी उतरेल"

मागच्या महिन्यात एका गावात हेच बोलत होतो. मागून एक कापूसवाला उठला, म्हणाला, "साहेब, कापसाला भाव द्या, आमचं बीपी आपोआप उतरतंय." सभा हसली. आम्हीही हसलो. पण त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. कर्जाची नोटीस घरात असताना झोप लागत नाही. जिथे अजून विजेची पाळी रात्रीची आहे, तिथे माणूस दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो. मोडलेल्या झोपेने रक्तदाबही चढतो, साखरही चढते. शेतकऱ्याचा रोग म्हणजे निव्वळ त्याच्या सवयींचा दोष, असे कुणी म्हणू लागला तर आम्ही त्याला याच व्यासपीठावरून उत्तर देऊ. दिवसाच्या विजेच्या मागणीला आता हे आणखी एक कारण जोडा.

उरलेले अर्धे मात्र त्याला आम्ही सांगितले. भाव मिळेल तेव्हा तो घ्यायला तू उभा पाहिजेस. मूत्रपिंड निकामी होण्याची सगळ्यांत मोठी कारणे म्हणजे हीच दोन, साखर आणि रक्तदाब. मग डायलिसिस. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळाले तरी आठवड्याला दोन खेपा धरा, वर्षाला १०४. प्रत्येक खेपेला चार तास यंत्रावर, जाणे-येणे वेगळे, बरोबर घरचे एक माणूस. दोन माणसांचे १०४ दिवस वर्षातून गेले. कोणत्या हमीभावात हे बसते? सरकारशी लढताना आपण दहा वर्षे वाट पाहू शकतो. रक्तवाहिनी तेवढी थांबत नाही.

तीन ठराव

ही बैठक संपण्याआधी तीन साधे ठराव आम्ही तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला, मोजणे. माती परीक्षण केल्याशिवाय खत देऊ नका, असे आम्ही गावोगाव सांगत फिरलो आणि स्वतःचे परीक्षण चाळिशी उलटेपर्यंत केले नाही. गेल्या वर्षी वहिनींच्या घरून परतताना आम्ही चौघे-पाच जण आरोग्य केंद्रात थांबलो. आमच्यातल्या एकाची उपाशीपोटीची साखर १३८ निघाली. तो आज तुमच्यापुढे उभा राहून बोलतो आहे. त्रास? काहीच नव्हता. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात हे फुकट होते, आशाताईंना विचारा. रक्तदाब १४०/९० च्या खाली हवा. उपाशीपोटी साखर १०० च्या आत चांगली, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ आणि वर दोनदा निघाली तर मधुमेह. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको आणि पाच मिनिटे शांत बसावे. घाईघाईत जिना चढून मोजलेला आकडा खरा नसतो. एक आकडा वाढला म्हणून घाबरू नका आणि एक उतरला म्हणून गोळी सोडू नका. यापुढे प्रत्येक तालुका बैठकीत नोंदणीच्या टेबलाशेजारी बीपीचे यंत्र राहील.

दुसरा, आपल्या बैठकांचे ताट. चहा बिनसाखरेचा, साखर बाजूला वाटीत, ज्याला हवी त्याने घ्यावी. भज्यांच्या जागी शेंगा, काकडी, पेरू. रात्री बाराला जेवायचे आणि त्याला चळवळ म्हणायचे, हे बंद. बैठक नऊला संपेल.

तिसरा, चालणे. दोन किलोमीटरच्या आतल्या गावची बैठक असेल तर कार्यकर्ता पायी जाईल. चालत गेलेल्या माणसाला वाटेत चार शेतकरी भेटतात. जीपमधून जाणाऱ्याला धुरळा भेटतो.

आणि चौथी गोष्ट, ती ठरावात बसणारी नाही. गेले वर्षभर दर महिन्याला आम्ही त्या घरी जातो. आमचे कार्यकर्ते आता काठी घेऊन दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत चालतात आणि परत येतात. वहिनी बरोबर चालतात. तीस पावले जाताना, तीस येताना; दिवसातून चार वेळा. आम्ही गेलो की तेच आम्हाला विचारतात. शब्द जुळायला वेळ लागतो, आम्ही थांबतो. "गोळी... घेतली का?"

आपण एकमेकांना भेटल्यावर पाऊसपाणी विचारतो, भाव विचारतो. यापुढे हेही विचारा. गोळी घेतली का? आज किती चाललात?

आता साडेआठ वाजले आहेत. पुढचे सत्र नऊला आहे. चहाआधी सगळ्यांनी उठा, शाळेच्या मैदानाला वीस मिनिटे फेऱ्या मारू या. आम्ही पुढे निघतो.